दगडफुलाचा कोट

मुर्डिना मॅकॉलेला गावात कुणी मुर्डिना म्हणत नाही. स्कॉटलंडमधल्या लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर दर तिसऱ्या बाईचं आडनाव मॅकॉले, त्यामुळे टोपणनावाशिवाय भागतच नाही. कुणी पोस्टमनची सून, कुणी उंच केटी. मुर्डिना मात्र दगडफूल. तेही तिच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त तिच्या नणंदेची, अंगुसिनाची, आणि तीही चौतीस वर्षं तिच्याशी सरळ बोलली नव्हती.

दगडफूल खडकावरून चमच्यानं खरवडायचं आणि लोकरीबरोबर दिवसभर उकळायचं, की लोकरीला गंजासारखा तांबूस रंग चढतो. तो रंग मग माणूस मेला तरी जात नाही. मासेमारीला जाणारे मात्र या रंगाला शिवत नाहीत. खडकावरची वस्तू अंगावर घेऊन समुद्रात गेलं, तर ती माणसाला परत खडकाकडे ओढून नेते, असं ते मानतात. मुर्डिनानं लग्नात नवऱ्याला, फिनलेला, याच रंगाचं ट्वीडचं जाड लोकरी कापड विणून कोट शिवून घेतला होता. फिनले शाळेची बस चालवायचा. बसला समुद्राशी काय देणंघेणं?

दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, चुलतभावाच्या होडीवर एक माणूस कमी पडला म्हणून फिनले एका दिवसापुरता गेला. होडी फुटली. तिघांतल्या एकाचंही प्रेत सापडलं नाही. मुर्डिना तेव्हा माहेरी होती, आईच्या मेंढ्या विताहेत म्हणून मदतीला गेलेली. ती धावत परत आली, तर घर माणसांनी भरलेलं आणि दारामागची खुंटी रिकामी.

"तुझाच कोट घालून गेला," अंगुसिना सगळ्यांसमोर म्हणाली. "मी नको नको म्हणत होते."

झालं. त्या दिवसापासून मुर्डिना दगडफूल झाली. तोंडानं ती म्हणायची, लाकडाची होडी लाटेनं फुटते, लोकरीनं नव्हे. पण मनातून तिनं अंगुसिनाचा शब्द न् शब्द खरा धरला होता. मागच्या शेडमधल्या मागावर तिनं नंतर निळं विणलं, करडं विणलं, पण तांबूस धागा पुन्हा हातात घेतला नाही. आपण नवऱ्याला मारलं, हे ती रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायची, मग चहा ठेवायची.

दोघींची घरं शेजारी, मधे एक तारेचं कुंपण. अंगुसिना कुत्र्याशी बोलायची. "बाजूला हो रे, तिथं दगडफूल उगवलंय." मुर्डिना मेंढीला उत्तर द्यायची. "ऐकलंस ना गं? चर्चमधे पुढच्या बाकावर बसतात आणि जिभा बघ केवढ्या." कुत्री मेली, मेंढ्या मेल्या, नव्या आल्या. भांडण तेच राहिलं.

रविवारी अंगुसिना दुसऱ्या बाकावर, मुर्डिना तिच्या बरोबर मागे तिसऱ्या. आमच्या चर्चमधे बाजा नाही. पुढचा एक जण स्तोत्राची ओळ टाकतो आणि सगळे तीच ओळ लांबवत पुन्हा म्हणतात. मुर्डिना मागावरच्या ताण्याचे उभे धागे मोजते तेही याच चालीवर, लहानपणापासून. ओळ सोळाव्या धाग्यावर संपते, त्यामुळे तो धागा तिच्याकडून दोनदा ओवला जातो, एकदा टाकणाऱ्याचा, एकदा म्हणणाऱ्यांचा. माशाच्या काट्यासारखी तिची वीण दर सोळा धाग्यांनी जराशी अडखळते. जिच्यासाठी ती विणायची त्या गिरणीनं त्यापायी तिचं कापड परत पाठवलं, तेव्हा तिनं गिरणीचं काम सोडलं. मोजणी काही बदलली नाही.

सप्टेंबरात एका दुपारी लंडनहून इमोजेन नावाची मुलगी आली. चिखलात पांढरे बूट. मुर्डिनाला फॅशनवाल्यांचा तसाही तिटकारा. आदल्या वर्षी असल्याच एकानं तिच्या ट्वीडच्या तोकड्या चड्ड्या शिवून पोरींना स्टेजवर चालवलं होतं. थंडीवाऱ्यासाठी विणलेलं कापड आणि पोरींच्या पिंढऱ्या उघड्या.

"फोटो नाही. पाय पुसून ये. मागाला हात लावायचा नाही," मुर्डिना म्हणाली.

"नाही लावत. पण तुम्हाला शोधायला मला आठ महिने लागले हो," इमोजेन म्हणाली.

"मी कुठं हरवले होते? इथंच आहे."

इमोजेननं पिशवीतून एक जुना पुरुषी कोट काढला. ग्लासगोच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात तिला तो मिळाला होता. "हा रंग आता कुणी करत नाही. आणि ही वीण बघा, मधेच अडखळते. आमच्या हिवाळ्याच्या कपड्यांसाठी मला हेच हवंय. अगदी चुकीसकट."

मुर्डिनानं कोटाकडे पाहिलं आणि मागाच्या फळीवर बसली. सोळावा धागा दोनदा होता. कापड नाकाशी नेलं, तर चौतीस वर्षांनंतरही दगडफुलाचा तो गोडसर वास. आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी टाचलेली होती, शाई फिकी पडली होती पण वाचता येत होती. फिनले मॅकॉले, आणि खाली गावाचं नाव.

"त्या चिठ्ठीवरूनच मी आले," इमोजेन म्हणाली. "तुम्ही ओळखता का यांना?"

मुर्डिनानं कोट उलटा केला, सुलटा केला. मिठाचा एक डाग नव्हता. म्हणजे हा कोट समुद्रावर गेलाच नव्हता.

"कापड देईन. वीस वार," ती म्हणाली. "पैसे नकोत. कोट इथंच राहील."

"पण तो माझा नमुना..."

"नमुना मी आहे. बस इथं. चहा किटलीत आहे."

कुंपणाला वळसा घालायचा तर चाळीस पावलं. मुर्डिना तारेवरून गेली, परकर फाटला तरी. अंगुसिना ओट्याशी बटाटे सोलत होती. दार उघडंच होतं. सवयीनं ती कुत्र्याला काहीतरी म्हणायला वळली आणि कोट पाहून तिच्या हातातला बटाटा बादलीत पडला.

"कुत्र्याला नको सांगूस," मुर्डिना म्हणाली. "मला सांग."

अंगुसिनानं बादलीतला बटाटा काढून पुसला. "मिशनच्या जुन्या कपड्यांच्या सेलला दिला मी," ती म्हणाली. "तू माहेरी गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो बोटीवर जायचं म्हणत होता. दगडफूल घालून गेला असता, म्हणून दिला. त्याच्या भल्यासाठीच गं."

"आणि तो काय घालून गेला?"

"शर्टावर रेनकोट. सकाळी कोट शोधत होता. म्हणाला, ताई, गारठा फार आहे. मी म्हटलं, बायकोला विचार, कुठं ठेवलाय ते." तिनं सुरी खाली ठेवली. "होडीच्या तुकड्यांना धरून थोडा वेळ तरी तरंगत असतील ना ते? अंगात ऊब असती तर..."

"तर काय?"

"तेच. तेच मला कुणी विचारायला नको होतं. म्हणून तुझं नाव घेतलं, आणि घेतल्यावर परत कसं घेऊ?"

मुर्डिनाला वाटलं होतं, हे ऐकून आपण रडू. रडू आलं नाही. छातीवरचा धोंडा उतरला, हे खरं. उतरला तोच तिच्या हातात आला, आणि तो कुठं मारायचा हे तिला नेमकं ठाऊक होतं. चौतीस वर्षं रोज सकाळी, चहाच्या आधी. त्या सगळ्या सकाळी या बाईनं खाल्ल्या होत्या.

"मुर्डिना," अंगुसिनानं चौतीस वर्षांत पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "मला क्षमा कर."

"ते रविवारी बघू," मुर्डिना म्हणाली आणि पुन्हा तारेवरूनच घरी गेली.

रविवारी सगळं चर्च काळ्या कपड्यांत बसलेलं असताना मुर्डिना आली, डोक्यावर हॅट आणि अंगात तो तांबूस पुरुषी कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिसऱ्या बाकापाशी ती थांबली नाही. दुसऱ्यालाही ओलांडून पहिल्यावर, अंगुसिनाच्या बरोबर पुढ्यात बसली. म्हाताऱ्या माणसांनी कोट ओळखला. कुजबुज मागपर्यंत गेली आणि विझली. फिनलेबरोबर बुडाला म्हणायचे तो कोट समोर कोरडा होता. अंगुसिनाचं डोकं खाली गेलं, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं.

प्रवचन सुरू झालं तसे नेहमीप्रमाणे पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद वाजू लागले; आपण खाताना शेजाऱ्याला एक द्यायची रीतच आहे. मुर्डिनाच्या खांद्यावरून मागून एक हात पुढे आला. तळव्यावर एक पांढरी गोळी होती. मुर्डिनानं ती घेतली, तोंडात न टाकता फिनलेच्या खिशात ठेवली, आणि वळून पाहिलं नाही. पुढच्यानं स्तोत्राची ओळ टाकली. सगळ्यांनी ती पुन्हा म्हटली. मागच्या बाकावरून अंगुसिनाचा आवाज तेवढा आला नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. इमोजेनला तिचं कापड मिळालं. मुर्डिना अजून दर रविवारी कोट घालून पहिल्या बाकावर बसते, आणि दर रविवारी मागून गोळी येते. कोटाचा उजवा खिसा फुगलाय.