सिद्धूमास्तरांचा जोडतास

निमगाव केतकीच्या धनगरवाड्यातून इंग्रजी शाळेत मास्तर झालेले पहिले म्हणजे सिद्धूमास्तर. बारामतीला बोर्डिंगात राहून शिकले आणि १९३४ साली इंदापुरात गणित शिकवू लागले.

शास्त्र शिकवायचे मोहनराव. एका दुपारी ते उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच आले.

"सिद्धूराव, मॅट्रिकच्या पोरांना व्यस्त त्रैराशिक येत नाही. तरफेचं गणित एकालाही सुटलं नाही."

मास्तरांना राग आला. तसलीच गणितं आठ दिवसांपूर्वी पोरांनी त्यांच्यापुढे धडाधड सोडवली होती. दुसऱ्या दिवशी ते शास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथं त्यांना कळलं, की पोरांना गणित येतंय, पण दांडा जितका लांब तितका जोर कमी, म्हणजे तरफेत तेच व्यस्त त्रैराशिक दडलंय, हे ओळखू येत नाही. खरं तर आपल्यालाही ते ओळखू आलं नसतं, हे त्यांनी मोहनरावांना सरळ सांगून टाकलं.

"मीही नुसतं सूत्र घोकून घेतो," मोहनराव म्हणाले. "ते का चालतं, ते मला सांगता येत नाही."

त्या शनिवारपासून दोघांनी आपले तास जोडले आणि एकाच वर्गात उभे राहू लागले.

त्याच हिवाळ्यात मास्तरांचा भाऊ बिरू नव्या विहिरीपासून पाट काढत होता. मध्येच भलामोठा धोंडा लागला. दोन बैलजोड्या लावल्या, हलला नाही. सुरुंग लावावा तर विहीर ढासळायची. मास्तरांनी ऐकलं आणि रविवारी बावीस पोरं बैलगाड्यांत घालून मोहनरावांसह रानात हजर झाले.

मोहनरावांनी धोंड्याची कपची हवेत आणि पाण्यात तोलून दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते काढलं. पोरांनी दोरीनं मापं काढली. धोंडा पंचवीस मणांचा निघाला. एकच कड उचलायची, म्हणजे साडेबारा मण. तेरा फुटी तुळई, धोंड्यापासून फुटावर टेकण, म्हणजे पलीकडे बारा फूट.

"मणाहून जरासा जास्त जोर पुरे," मास्तर म्हणाले.

"बैलं हरली, आन मणभरानं काय व्हनार?" बिरू म्हणाला.

त्यांची आई भागूबाई पुढं आली. "माझं वजन मणापेक्षा जास्तीच हाय की. सरका!"

फळ्यावर चुकलं तर पुसता येतं, इथं सगळा गाव बघत होता. म्हातारी दोन्ही हातांनी तुळईच्या लांबच्या टोकाला लोंबकळली. तुळई करकरली आणि धोंड्याची कड वर आली. खाली उजेड दिसला.

"आये, सोडू नगंस!" मास्तर ओरडले. पोरांनी भराभर दगड सारले.

"सोडतीय कशाला? हलका हाय की ह्यो!"

थोडं थोडं उचलत, टेकण बदलत दुपारपर्यंत धोंडा बाजूला गेला. संध्याकाळी पाटाला पाणी सुटलं.

"ही तुमच्या मुलाची करामत, आई," मोहनराव म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. "न्हाय आये. धोंड्याचं वजन यांच्याशिवाय कळलंच नसतं."

हेडमास्तरांनी पुढच्या वर्षी जोडतास वेळापत्रकातच घातला. त्याआधीच ती बावीसही पोरं मॅट्रिकला दोन्ही विषयांत पास झाली होती. निकाल कळला तेव्हा दोघा मास्तरांनी इंदापूरच्या भर बाजारात एकमेकांना कडकडून मिठी मारली.