दिवेलागणीचा बार

माझ्या सासरी बंदूक आहे हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. माहेर माणगावचं. आमच्या घरात सगळ्यांत धोक्याची वस्तू म्हणजे विळी. लग्न होऊन दिवेआगरला आले आणि पहिल्याच संध्याकाळी तुळशीपाशी दिवा ठेवायला वाकले, तर मागच्या वाडीत असा काही दणका झाला की निरांजन हातातून सुटलं. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "घाबरू नको गो, तुझ्या मामंजींनी बार काढला." जसं काही म्हशीचं दूध काढलं.

बंदूक ठासणीची, वाडीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली, मामंजींच्याही वडिलांच्या वेळची. रोज सकाळी ती भरायची. नळीच्या तोंडातून दारू, तिच्यावर नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा बोळा, मग लोखंडी गजाने ठासायचं. मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. छर्रे कधी घालायचे नाहीत. वानर मारणं पापही आणि गुन्हाही, आणि आमच्या घराला दोन्हींची भीती सारखीच. नुसता आवाज हवा. त्या आवाजाने वानरांचा कळप जो पळे, तो दोन-चार दिवस फिरकत नसे. आणि दिवसभरात बार उडवायची वेळ आली नाही, तर संध्याकाळी तो आभाळात काढून टाकायचा. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा घराचा नियम. आळीतल्या बायका त्या आवाजावर दिवे लावत. माझ्या मुलीची शुभंकरोति म्हणायची वेळही तीच होती.

मग ते वादळ आलं. त्याचं वर्णन करत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या वाडीत उभं काय राहिलं ते सांगते: विहिरीचा रहाट, आणि मामंजी.

ह्यांची श्रीवर्धनला ऑफिसातली नोकरी होती. त्याच सुमारास निवृत्त झाले आणि सगळा फंड वाडीत घातला. आयुष्यभर पेन धरलेल्या माणसाने फावडं धरलं. उजव्या हाताची बोटं इतकी जाड झाली की लग्नातली अंगठी त्यात जाईना, म्हणून ती डाव्या हातात आली. पोफळीची नवी रोपं लावली, मध्ये केळी, कडेने माड. पोफळीला फळ धरायला किती वर्षं लागतात ते वाडीवाल्याला विचारा. ह्यांचं वय आणि रोपांचं वय यांची बेरीज मी मनात करत असे. ही वाडी उभी राहिली नाही तर हा माणूस उभा राहणार नाही, एवढं मला कळत होतं.

आणि वानरं. वादळाने त्यांचंही रान झोपवलेलं, तीही उपाशी. रोपाचा कोवळा कोंब उपटायचा, चावायचा, थुंकायचा आणि पुढच्या रोपाकडे जायचं. खाल्लं असतं तरी एवढा राग आला नसता.

नेमकी तेव्हाच दारू मिळेनाशी झाली. टोप्याही. माणगावच्या ज्या दुकानातून मामंजी वर्षानुवर्षं आणत, त्याचा मालक गेला आणि मुलाने तिथे मोबाईलची कव्हरं लटकवली. पनवेलला गेलो. तिथला दुकानदार गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "भाभी, माल बिलकुल नाय. वरून परमिशन येल तवा येल." एकदा ह्यांनी मुंबईपर्यंत खेप केली आणि परवान्यावर चार शिक्के घेऊन रिकाम्या हाताने परत आले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग आम्ही काय काय केलं म्हणून सांगू. पत्र्याचे डबे बडवले. गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगल्या. दिवाळीचे सुतळी बॉम्ब आणून ठेवले, ते पावसाळ्यात सादळले. माझ्या मुलीने पुण्याहून युक्ती काढली: बंदुकीचा आवाज मोबाईलमध्ये भरून घ्यायचा आणि स्पीकरवर वाजवायचा. आवाज छान आला. पहिल्या दिवशी वानरं पळाली, दुसऱ्या दिवशी थांबून ऐकू लागली, तिसऱ्या दिवशी एक हुप्प्या त्या स्पीकरवर बसला होता. मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उरलेली दारू मामंजींच्या ताब्यात. एका काचेच्या बरणीत तळाशी थोडी, आणि टोप्या चुन्याच्या जुन्या डबीत. नव्वदीला टेकलेला माणूस, तीच बरणी दिवसातून दोनदा उजेडाला धरून बघायचा. आणि तेव्हाच त्यांनी घराचा नियम मोडला. संध्याकाळचा बार बंद. "आभाळात उडवायला दारू वर आलीय का," म्हणाले. टोपी काढून डबीत ठेवायची, बार नळीत तसाच ठेवायचा आणि बंदूक ओटीवरच्या खुंटीला. घरातल्यांना कळावं म्हणून घोड्याला सुंभाचा तुकडा बांधायचा. सुंभ आहे म्हणजे आत बार आहे. सुंभ नाही म्हणजे रिकामी. साधी सोय.

पहिले काही दिवस आळीतल्या बायका विचारत, "आज बार नाही झाला?" मग विचारेनाशा झाल्या. जिने तिने मोबाईलमधलं घड्याळ बघून दिवा लावला.

निवडणुका लागल्या. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हे आमच्याकडे नेहमीचंच. दरवेळी मामंजी आदल्या संध्याकाळी बार काढून, नळी पुसून, तेल लावून बंदूक न्यायचे. या वेळी ह्यांच्यासोबत स्कूटरवर मागे बसून गेले, बंदूक गोणपाटात गुंडाळलेली. मामंजी परत आले ते खुशीत. मी विचारलंही नाही कसली खुशी. मला वाटलं, ठाण्यात चहा मिळाला असेल.

बंदूक परत मिळायला पावसाळा उलटला. ह्यांनी एकट्याने जाऊन आणली. घोड्याला ठाण्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, ती ह्यांनी सोडून टाकली आणि बंदूक खुंटीला लावली.

दुसऱ्याच सकाळी मामंजी पूजेला बसलेले. पूजेत ते बोलत नाहीत. संकल्पापासून नैवेद्यापर्यंत मौन. घराला आग लागली तरी हे बोलायचे नाहीत, असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणत, आणि आम्ही सगळे त्यावर हसत असू. मी स्वयंपाकघरात होते. मागून ह्यांची हाक आली, "अगं, आली बघ. केळीत उतरलीयत सगळी." मी दारातून पाहिलं. कळपच होता. पोरं पोटाला लावलेल्या माद्या, आणि तो स्पीकरवाला हुप्प्या ऐटीत बांधावर.

हे ओटीवर गेले. बंदूक काढली. घोड्याला सुंभ नव्हतं. भरायचं काम जन्मभर मामंजींचं, पण ह्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. बरणीतली दारू, काथ्याचा बोळा, मग गज. टक टक टक, तो आवाज घरभर ऐकू येतो.

आणि देवघरात घंटा वाजली.

वेळेआधी वाजली. पण मला वाटलं आज लवकर आटपलं, नैवेद्य मागतायत. दूधसाखरेची वाटी घेऊन आत गेले. मामंजी पाटावर अर्धे उठलेले, एका हातात घंटा, दुसऱ्या हाताने दाराकडे खुणा. "हूं. हूं." मी म्हटलं, "काय हवंय? फुलं?" त्यांनी मान हलवली. घंटा आणखी जोरात. "मांजर शिरलं का?" परत मान. मला राग आला. म्हटलं, तिकडे वानरं केळी फाडतायत आणि इकडे ह्यांचं हे मूकनाट्य. वाटी देवापुढे ठेवली आणि वळले.

तेवढ्यात तो बार झाला. लग्नानंतर इतकी वर्षं तो आवाज ऐकलाय, झोपेतही ओळखेन. हा तो नव्हता. हा फुटका होता, पत्रा फाटल्यासारखा.

मी धावले. हे विहिरीच्या कडेला बसलेले होते, छान मांडी घालून, आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. हात होता, पण हातासारखा नव्हता. तोंडावर काळं, एका कानातून रक्त. बंदुकीचा दस्ता एकीकडे, नळी मध्येच उलगडून पडलेली, केळीची साल सोलावी तशी. पदर सोडला आणि त्या हाताला गुंडाळत गेले, गुंडाळत गेले, आणि तो लाल होत गेला.

मागे मामंजी येऊन उभे राहिले होते. सोवळ्यातच. काठी न घेता कसे आले देव जाणे. मुलाकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि म्हणाले,

"दोन बार गेले रे."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. शेजारच्यांनी गाडी काढली. म्हसळ्याच्या वळणांवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तेव्हा कुठे ते शब्द माझ्या डोक्यात उतरले. दोन. एक ह्यांनी सकाळी भरला. मग दुसरा कुठला? ठाण्यात जमा केली तेव्हा आत बार होता. एक बार वाचला म्हणून ती खुशी होती. वर सुंभ बांधलेलं होतं, ते तिथे कुणीतरी कचरा समजून काढलं असणार आणि चिठ्ठी बांधली असणार. आख्खा पावसाळा ती दारू ओल धरून आत बसली, नळी खात बसली, आणि तिच्यावर ह्यांनी दुसरा बार ठासला. म्हाताऱ्याला हे देवघरात बसून, नुसत्या गजाच्या आवाजावरून कळलं होतं. आणि तो बोलला नाही. घंटा वाजवली.

गाडीत शेजारी सारखे म्हणत होते, "वहिनी, रडा तरी." मला रडू येत नव्हतं.

माणगावच्या दवाखान्यात दोन बोटं काढली. अंगठा वाचला, डोळा वाचला. कानाचं बघू म्हणाले. हे शुद्धीवर आले तेव्हा मी अगदी तोंडाशी वाकले. काय म्हणतील असं वाटलं होतं मला? माझं नाव घेतील. पाणी मागतील. ह्यांनी ओठ ओले केले आणि म्हणाले, "डबी उघडीच राहिली गं. टोप्या सांडल्या असतील गवतात. दव पडायच्या आत उचल."

मी सरळ उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कुठल्या घरात दिलं मला. बापाने मुलाचा हात बघून बार मोजले, आणि मुलगा हात गमावून टोप्या मागतोय. मला दोघांचीही शिसारी आली. हे खरं तेच सांगते.

तिसऱ्या प्रहरी मुलगी पुण्याहून आली, तिला तिथे बसवून मी कपडे आणायला घरी आले. मामंजी ओटीवर होते. सकाळचंच सोवळं, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी विचारलं, "मामंजी, तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?"

त्यांनी खुंटीकडे बघितलं. मग म्हणाले, "घंटा वाजवली की मी." आणि पुन्हा तेच, "वाजवली की." त्यांचे हात पाटावरून उठताना होते तसेच अजून हवेत थोडे उचललेले होते. ती घंटा मुलासाठी होती की दारूसाठी, हे मी विचारणार होते. विचारलं नाही. उत्तर त्यांनाही ठाऊक नसावं, असं वाटलं.

साडी बदलली, कपडे पिशवीत भरले आणि मागच्या दाराने वाडीत गेले. कशाला गेले? रक्त धुवायला, असं स्वतःला सांगितलं. बादलीही हातात होती. उजेड उतरत होता, दव पडायला लागलं होतं. विहिरीपाशी चुन्याची डबी उपडी होती आणि गवतात इथे तिथे तांबूस काहीतरी चमकत होतं. मी बादली ठेवली. गुडघ्यांवर बसले. एक टोपी उचलली, पदराला पुसली, डबीत टाकली. मग दुसरी. गवत बोटांनी विंचरून विंचरून बघत होते, पुन्हा मिळायच्या नाहीत म्हणून. दुपारची ती शिसारी कुठे गेली होती कोण जाणे.

रहाटाच्या बुडाशी एक टोपी दिसली. तिच्या अगदी शेजारी ह्यांची अंगठी पडली होती, चेपलेली, काळी पडलेली.

मला दोन्ही एकदमच दिसल्या. आणि माझा हात आधी टोपीकडे गेला.