बन्सीबाबांची सव्वा मूठ

आमच्या घरात दर श्रावणात एका कोणीही न पाहिलेल्या माणसाचे गहू निघायचे. आमच्या खानदेशातली देवी कानबाई, तिच्या रोटांसाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, घरच्या जात्यावर दळायचे आणि त्याचे जाडजूड रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, अशी आमची रीत. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी दळायचं, मळायचं, तळायचं आणि धूर डोळ्यात गेला तरी हसतमुख राहायचं. माझ्या सासूबाई, निर्मलाबाई, सूप घेऊन बसायच्या, एकेका पुरुषाचं नाव घेऊन मूठ टाकायच्या आणि सगळ्यात शेवटी पुटपुटायच्या, "बन्सीबाबानी." म्हणजे बन्सीबाबांची.

बन्सीलालबाबा म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्यांचे, रतिलालबाबांचे, थोरले भाऊ. स्वातंत्र्याच्या थोडं आधी प्रकाशा या आमच्या गावाहून सुरतेला गेले आणि तिथून एका व्यापाऱ्याबरोबर आफ्रिकेत, साखर कारखान्यात कामाला. काही वर्षं पत्रं आली, एक फोटो आला, मग काहीच नाही. जिवंत म्हणावं तर वय शंभरीला टेकलेलं, आणि गेले म्हणावं तर बातमी नाही. बातमी नाही तोवर सुतक नाही, आणि सुतक नाही तोवर मूठ बंद करता येत नाही. रतिलालबाबांनी शेवटच्या दिवसांत सुनेचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, "मन्हा भाऊनी मूठ बंद करू नको."

माझी लेक गायत्री पाच-सहा वर्षांची असताना सुपापाशी बसून म्हणाली होती, "आजी, मन्ही मूठ?" सासूबाई म्हणाल्या, "पोरीस्नी नही ऱ्हास." पोरींची नसते. गायत्रीने माझ्याकडे पाहिलं. मी शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते, वर्गात मुलींना काय काय सांगते, पण त्या दिवशी मी कणीक मळायला उठून गेले.

तर बन्सीबाबांच्या मुठीवरून गेल्या वर्षी भडका उडाला. कानबाईच्याच आठवड्यात आमच्या चुलत घरातला कुंदन तापीच्या पुलाजवळ मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. कानाला फोन लावून गाडी चालवत होता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण त्याचे आजोबा ईश्वरनाना आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "मरेल माणूसना नावना गहू देवीले चालतस का? पुढला साल ती मूठ बंद." मेलेल्या माणसाच्या नावाने गहू काढले म्हणून देवी कोपली, असं त्यांचं म्हणणं. नाना भाऊबंदकीत सगळ्यात मोठे. त्यांच्यापुढे सासूबाई पदर घेतात आणि थेट बोलत नाहीत. त्या दिवशीही दाराआडून माझ्याकडे बघत राहिल्या.

सासूबाईंना तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगते. कळसाडीच्या माहेरून सतराव्या वर्षी इथे आल्या, चाळिशीत नवरा गेला, तरी कापूस आणि ऊस एकटीने सांभाळला. शेतात त्यांचा आवाज बांधापलीकडे जातो. पण घाबरण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. गॅसचं बटण बंद आहे की नाही ते त्या पुन्हा पुन्हा बघतात. सुरतेला निघालो तर नवापूर येईपर्यंत बॅग शंभरदा चाचपतात. आणि आता ही मूठ. बाबा गेलेले असतील आणि आपण गहू काढतोय, तर पाप. त्यांचा वंश तिथे नांदत असेल आणि आपण मूठ बंद केली, तर त्याहून मोठं पाप. बापाच्या जागी मुलाची मूठ चालू ठेवता येते, हे नानांनाही मान्य होतं. म्हणून सगळं येऊन एकाच प्रश्नावर अडलं.

"चेतना," त्या मला म्हणाल्या, "तठे त्यासले आंडोर व्हई तं?"

आंडोर म्हणजे मुलगा. त्या एका शब्दाने त्यांची झोप उडवली आणि त्यांनी माझी.

फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता, किसुमू, केनिया. मी फेसबुकवर तिथल्या गुजराती लोकांच्या एका ग्रुपात फोटो टाकला. तिथे आमच्या पाटीलचं पटेल होऊन बसलेलं, त्यामुळे बरेच दिवस भलतेच पटेल उत्तरं देत राहिले. मग एक दिवस रमिला नावाच्या बाईंचा निरोप आला: हा फोटो माझ्या पप्पांचा आहे, या.

मी पुढचं विचारायला फोन उचलला तर सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "फोनवर कोनं मरन इचारतस का?" झालं, जायचं ठरलं. माझा नवरा जगदीश म्हणाला, इंग्रजी तुला येतं, तूच जा. माझं इंग्रजी आठवीच्या पुस्तकाबाहेर कधी गेलेलं नाही, हे त्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

पिवळ्या तापाची लस घ्यायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, साठीपुढच्या माणसाला जरा जपून द्यावी लागते, खरंच जायलाच हवं का? सासूबाईंनी दंड पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. त्या रात्रीपासून निघेपर्यंत दिवसातून चार वेळा त्या मला कपाळाला हात लावून बघायला सांगत. ताप नव्हता. पण मलाही भीती वाटायला लागली होती, की या बाईला मी परमुलखात घेऊन चालले आहे आणि काही झालं तर भाऊबंदांना काय तोंड दाखवू.

नैरोबीच्या विमानतळावर पहिला धक्का बसला. सासूबाईंनी बॅगेत, दोन साड्यांच्या मधे, फडक्यात बांधून गहू आणले होते. सव्वा मूठ. बाबांचा मुलगा भेटला तर त्याच्या हाताने काढवायचे म्हणून. तिथल्या अधिकारी बाईने पुरचुंडी सोडली, दाणे पाहिले आणि समजावून सांगितलं की बाहेरचं धान्य आत नेता येत नाही. तिने गहू बाजूच्या डब्यात टाकले आणि फडकं नीट घडी करून परत दिलं. ती वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं.

"पहिलाच दारमा मूठ गयी," सासूबाई म्हणाल्या. पुढच्या छोट्या विमानात त्या ते रिकामं फडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

किसुमूच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. आमच्या शहाद्यासारखाच, पान न् पान तसंच. मला वाटलं, ऊस बघून त्यांना बरं वाटेल. तर म्हणाल्या, "आठे ऊस शे, मंग तो घर कसाले ई?" इथे सगळंच असताना माणूस घरी कशाला येईल.

रमिला फाटकाशी उभ्या होत्या. सासूबाईंच्या वयाच्या, काळ्यासावळ्या, केस कुरळे आणि पांढरे, अंगात फुलाफुलांचा झगा. त्यांची आई तिथल्या लुओ समाजातली, हे आम्हाला माहीत नव्हतं. सासूबाई एक क्षण थबकल्या. मीही थबकले, आणि आपण थबकलो याची मला लाज वाटली. रमिलांनी ते पाहिलंच असणार, त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी आम्हाला आत नेलं, तिथल्या गुजराती दुकानांत शिकलेल्या गुजरातीत प्रवासाची चौकशी केली आणि चहा पुढे ठेवला. गुजराती आपल्या नंदुरबारकडे कोणाला येत नाही? तेवढ्यापुरती माझी सुटका झाली.

भिंतीवर आमच्या घरातला तोच फोटो होता. त्याला हार नव्हता, त्यामुळे काहीच कळेना. सासूबाई चहाला हात लावेनात. बातमी ऐकल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण हे मला सांगितलं असतं तर ना! चहावर साय धरली. रमिला एकदा कपाकडे बघत होत्या, एकदा सासूबाईंकडे. शेवटी सासूबाईंनी फोटोकडे बोट केलं.

"बन्सीबाबा?"

"पप्पा तो घणा वरस पहेला गुजरी गया," रमिला म्हणाल्या.

"आंडोर?"

तो शब्द त्यांना कळला. बापाने त्यांच्या कानावर कधीतरी घातला असावा. त्यांनी मान हलवली. "छोकरो नथी. हुं एकली." लग्न केलं नव्हतं, जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या, धाकटी बहीण लहानपणीच गेलेली.

सासूबाई उठल्या. "पानी कोठे शे?" असं मला विचारून थांबल्याही नाहीत. मागच्या अंगणात नळ दिसला, तिकडे गेल्या, आणि अंगावरच्या साडीसकट डोक्यावर बादली ओतून घेतली. मग दुसरी.

रमिला तो न प्यायलेला चहाचा कप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा दगड झाला होता.

"मारा घरमां बेठां," त्या सावकाश म्हणाल्या, "एटले नहावुं पड्युं?"

माझ्या घरात बसल्या म्हणून अंघोळ करावी लागली का, असं त्या विचारत होत्या. त्या पुढे बोलत गेल्या. लहानपणापासून पाहिलंय, म्हणाल्या. दुकानातली शेठाणी हातावर पैसे वरून टाकायची, आईने पाणी प्यायलेला पेला बाहेर फेकायची. आईशी केलेलं लग्न घरी कळलं तर आपले लोकही हेच करतील, या भीतीने पप्पांनी पत्रं बंद केली. "मी म्हणायचे, पप्पा, तुम्ही उगाच घाबरता. आज कळलं, बरोबर होते."

माझं इंग्रजी गेलं, गुजराती गेलं. सासूबाई नळाखाली ओल्या पदराने तोंड पुसत होत्या, त्यांना यातलं काही ऐकूही आलं नव्हतं. मला त्यांचा संताप आला, आणि इतकी रीत पाळताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा तरी बघावं माणसाने, असंही वाटलं. पण बाई आज इथून तुटली तर कायमची तुटली, हे दिसत होतं. मी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत जे आलं ते बोलले. म्हटलं, ताई, ही विटाळाची अंघोळ नाही, ही सुतकाची आहे. आपल्या घरातलं माणूस गेल्याचं ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी नाहायचं, मग तो जाऊन पन्नास वर्षं झालेली असोत. परक्याचं मरण ऐकून कोणी डोक्यावरून पाणी घेत नाही. तुम्ही परक्या असता तर त्यांनी चहा पिऊन, नमस्कार करून घरी जायचं तिकीट पाहिलं असतं.

रमिलांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई काकडल्या होत्या आणि रडत होत्या, मोठ्याने, गावाकडे रडतात तशा, "बाबा हो" म्हणत.

"काका?" रमिलांनी मला विचारलं. "रतिलालकाका? पप्पा रोज नाम लेता."

मी सांगितलं, त्यांना जाऊनही पंचवीसेक वर्षं झाली.

त्यांनी हातातला कप खिडकीत ठेवला. झग्यासकट चालत नळापाशी गेल्या आणि सासूबाईंच्या शेजारी ओल्या फरशीवर बसल्या. "मने पण," म्हणाल्या. मलाही.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ही पुतणी रतिलालबाबांचं सुतक धरते आहे, हे त्यांना समजलं. त्यांनी बादली भरून घेतली आणि स्वतःच्या हाताने रमिलांच्या डोक्यावर हळूहळू ओतली, आपण लेकरांना घालतो तशी. मी दारात उभी राहून रडले. त्यानंतर सासूबाई तो गार चहा साय बाजूला न करता प्यायल्या.

परत येताना मात्र त्या पुन्हा पहिल्यासारख्याच. विमानात पट्टा चाचपत म्हणाल्या, "आंडोर नही." नाना काय म्हणतील, रतिलालबाबांना दिलेला शब्द मोडला का, हाच घोर. पुढे पाऊस लागला, श्रावण आला, तरी त्यांनी काय ठरवलंय ते मला सांगितलं नाही. रमिलांचा फोन आला की मात्र त्या अहिराणीत अर्धा तास बोलत, आणि पलीकडून त्या गुजरातीत.

कानबाईच्या आदल्या दिवशी सगळे भाऊबंद आमच्या घरी जमले. कुंदन आता नीट चालत होता. सासूबाई सूप घेऊन बसल्या. नावं घेत घेत शेवटाला आल्या आणि म्हणाल्या, "बन्सीबाबानी मूठ सरनी."

ईश्वरनानांनी समाधानाने मान हलवली. सासूबाईंचा हात पुन्हा गव्हात गेला.

"ही रमिलानी."

"आंडेरनी मूठ?" नाना म्हणाले. "लेकीनी मूठ कधी ऱ्हास का?"

सासूबाईंनी पदर सावरला. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी थेट नानांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलल्या. "नाना, तिनी मन्हा सासरानी आंघोळ कयी. तिले आपलं सुतक चालस, मंग मूठ का नही चालस?"

नानांनी सुपाकडे बघून मान खाली घातली. सासूबाईंच्या मुठीतून दाणे सुपात पडले, निम्मे बाहेर सांडले. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

"माले दिसत नही आते. पुढली तू ले."

पुढे कोणाचीच राहिलेली नव्हती. गायत्री माझ्या खांद्याला रेलून उभी होती. आता ती दहा वर्षांची आहे आणि विचारायचं तिने कधीच सोडून दिलंय. सगळे भाऊबंद माझ्या हाताकडे बघत होते. मी मूठ भरली.

"गायत्रीनी," मी म्हटलं.