गालिनाआजींचा उंबरठा

गालिनाआजींमुळे माझी कुवेतची नोकरी टिकली, हे आधी लिहितो. मी आठवी नापास. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि इथे दस्मानला एका इमारतीत हारिस, म्हणजे रखवालदार, म्हणून लागलो. लिहिण्यात चुकलो तर सांभाळून घ्या, पण ती सकाळ काही डोक्यातून जात नाही.

आजी बेलारूसच्या. मुलगी इथल्या इस्पितळात नर्स, नात कुवेतमध्येच जन्मलेली. नातीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात नवरा-नवरी भरतकाम केलेल्या एका लांब कापडावर उभी राहतात. आजींच्या आईने भरलेलं ते कापड गावाहून पार्सलने यायचं होतं. ते आलंच नाही. कुरियरवाला म्हणे, पोचवलं, सही आहे. मॅनेजरने मला गाठलं.

"वर-खाली तूच असतोस. चाव्या ठेव."

मी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला की संपलंच. तेवढ्यात आजी माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीवर बसल्या.

"आजी म्हणते, हा पोलीस होता ना? मग आधी यालाच चौकशी करू द्या," नातीने मॅनेजरला सांगितलं. "तोवर ती उठणार नाही."

कुरियरवाल्याला बोलावलं. खात्यात एक शिकलो होतो: दरडावायचं नाही, जबाब पुन्हा सांगायला लावायचा.

"दिलं कुणाला?"

"बुढी अम्मा को, चाचा. दरवाजे पे."

"त्या कुठे होत्या?"

"अंदर. मैं बाहर. उसने हाथ बढ़ाके ले लिया."

नातीला हसू आलं. आजी उंबरठ्यावरून कधीच काही घेत-देत नाहीत, त्यांच्यात ते अशुभ. स्वतः बाहेर येतात, नाहीतर बाही धरून आत ओढतात. साधी पाण्याची बाटली द्यायला मलाही ओढलंय. माझी आईसुद्धा हेच सांगायची.

"तू वर चढलाच नाहीस," मी म्हटलं. "ठेवलंस कुठे?"

मग त्याने कबूल केलं. लिफ्ट बंद होती, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात टाकून त्याने सही स्वतःच ठोकली होती. पार्सल तांदळाच्या पोत्यांमागे निघालं. त्यालाही नोकरीचीच धास्ती. त्याच्यासाठी मी हात जोडले, तेव्हा मॅनेजरने प्रकरण वाढवलं नाही.

खोटं बोलणारा वस्तूबद्दल नीट बोलतो, माणसाच्या सवयीपाशी घसरतो. आणि ही माणसं परमुलखात आपली सवय कशी जपतात, तेही पाहिलं. नात इंग्रजी बोलते, पण पार्सल घ्यायला तीही पाऊल बाहेर टाकते.

आजींना एकदा कोकणात माझ्या घरी नेणार आहे. दारात काही देणार नाही. बाही धरून आत ओढीन, मग ताट वाढीन. हा माझा शब्द.