काकूंचा अर्धा कापलेला कोल्हापूर जिल्हा

...आणि नाही, काकूंना मशीनमुळे काही झालं नाही. हार्ट होतं.

परवापासून जो भेटतोय तो हेच विचारतोय, म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो. काकू असत्या तर भडकल्या असत्या. "मी गेले ते गेले, वर माझ्या मशीनला बोल लावताय व्हय रं?"

सुशीलाकाकू. आमच्या शेजारच्या. रिटायर्ड बालवाडी टीचर.

आणि माझ्या माहितीत स्क्रोल सॉ चालवणारी कोल्हापुरातली एकमेव बाई.

स्क्रोल सॉ म्हणजे एक बारीक पातं खालीवर नाचत असतं, आणि तुम्ही प्लायवूड हळूहळू फिरवत त्यातून पक्षी, पानं, अक्षरं, काय पाहिजे ते कापता. हे नाव मला नेट कॅफेत कळलं. काकू नुसतं "मशीन" म्हणायच्या.

त्यांचं मशीन काकांनी बनवलेलं. काका उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. काकूंच्या माहेरहून आलेलं पायडलचं शिलाई मशीन होतं. गल्लीतले ब्लाउज शिवून काकू वैतागल्या, तेव्हा काकांनी सुई काढली आणि तिथं पातं बसवलं.

"लोकांचे नवरे दागिने करत्यात. आमच्या ह्यांनी करवत दिली," हे काकू येईल त्या पावण्याला सांगायच्या. तेही काकांसमोर, मोठ्यानं.

लोडशेडिंगमध्ये अख्खी गल्ली बंद. फक्त काकूंच्या पत्र्याच्या शेडमधून खटखटखट.

त्या आवाजामागेच मी तिथं पोचलो. इंजिनिअरिंगचं फर्स्ट इयर, अंगात नुसता उत्साह. कॅफेतून एक फॉरेनचं डिझाइन प्रिंट करून नेलं. बर्फातलं रेनडिअर.

काकूंनी कागद उलटासुलटा केला. "हे कसलं हरीण? डोक्यावर झाड उगवलंय की ह्याच्या!"

पण कापून दिलं. पिंपळपानाच्या जाळीशेजारी ते रेनडिअर अजून शेडमध्ये लटकतंय.

मग मला पायडलवर बसवलं. मी लाकूड जोरात पुढे ढकलत होतो.

"आरं साहेब, पात्याला खाऊ दे की! तू कशाला घास कोंबतोयस?"

काकूंचं खरं काम म्हणजे बालवाड्यांसाठी लाकडी पझल. कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा, प्रत्येक तालुका वेगळा तुकडा. पोरांनी जोडायचा. नकाशा खळीनं प्लायवर चिकटवायचा, वरून शाहूवाडीपासून सुरू करायचं आणि खाली चंदगडला संपवायचं. दरवेळी हाच क्रम.

आणि नकाशात एक लोचा असतो. जाळीत चुकलात तर एखादं फूल जातं. इथे रेघ एक आणि तालुके दोन. पातं सरकलं की दोन्हीकडे वाट लागते.

काकू म्हणायच्या, "हद्दीवर घाई करायची न्हाय. भांडणं तिथंच हुत्यात."

मी घाई केली. पन्हाळ्याचा कोपरा कटकन तुटला.

मला वाटलं, आता शिव्या. काकू हसून हसून खाली बसल्या. "सिद्दी जौहरला जमलं न्हाय ते तू करून दाखवलंस की रं!"

तुकडा गोंदानं चिकटवला. जोड दिसत होता. मी म्हटलं, "काकू, हा रिजेक्ट करूया, मी नवा कापतो."

"रिजेक्ट कशाला? किल्ला हाय. थोडा पडका असायचाच."

तो नकाशा तसाच एका बालवाडीत गेला. आम्ही मुद्दाम बघायला गेलो, तर पोरं पन्हाळ्यावरूनच भांडत होती. सगळ्यांना तोच तुकडा पाहिजे होता!

यंदाचा नकाशा काकूंच्या माहेरच्या बालवाडीचा होता. गडहिंग्लजच्या पुढे, बॉर्डरजवळचं गाव. तिथल्या बाईंना काकूंनी फोनवर शब्द दिला होता, "शाळा उघडायच्या आत आणून देते."

कागल झालं होतं. पातं गडहिंग्लजच्या हद्दीवर आलं होतं. काकू चहा घ्यायला उठल्या, कट्ट्यावर टेकल्या.

बस. तेवढंच.

बोर्ड अजून मशीनवर आहे. पातं लाकडातच. काका कुणाला हात लावू देत नाहीत.

काल धीर करून विचारलं, "काका, राहिलेला भाग मी कापू का?"

"नगो. तिचा हात जिथं थांबलाय, तिथं थांबू दे. तसाच फोटोशेजारी लावणार हाय मी."

त्यांची मुलगी शीतलताई चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, "बाबा, आईनं भिंतीवर लावायला न्हवता केला त्यो. पोरं वाट बघत्यात तिथं."

"आणि ह्यानं कापल्यावर दिसंल की! वरचा हात तिचा, खालचा ह्याचा. मग तिचा म्हणायचा कसा?"

खरं सांगायचं तर काकांचं बरोबर आहे. काकूंची रेघ आणि माझी रेघ आंधळासुद्धा बोट फिरवून ओळखेल.

आज सकाळी शेडमधून आवाज आला म्हणून गेलो. काका पायडलला तेल घालत होते.

माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की सांगतो तुला. तवर तू तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या दोस्तांना इचार. तुमास्नी काय वाटतंय बघू."

म्हणजे अजून 'नाही' म्हणालेले नाहीत. मी प्लायच्या तुकड्यांवर रोज प्रॅक्टिस चालू केलीय.

काकू, जय भीम. तुमच्यासारखी टीचर मला कुठल्याच इंग्लिश मीडियममध्ये मिळाली नाही.

आणि मित्रांनो, काकांनी खरंच विचारायला सांगितलंय, म्हणून नुसतं हात जोडून पुढे जाऊ नका, लिहा. काकूंच्या हातचा अर्धा नकाशा भिंतीवर असावा, की दोन हातांचा पूर्ण नकाशा त्या पोरांकडे जावा?