चालू गिरणीतलं बोलणं

म्हाताऱ्याचा हट्ट एकच, आपल्या गिरणीत डब्यांना चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. बाकीचे लावतात, लावोत बापडे! हा नुसता डब्याकडे बघून सांगायचा, डबा कोणाचा आणि दळण जाड की बारीक. एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी कधी म्हणून गेलं नाही. आणि आता नेमकी हीच आठवण त्याला सोडून चालली होती.

हे ठाऊक होतं दोघांनाच, त्याला आणि त्याच्या सुनेला. नवऱ्यालासुद्धा तिने सांगितलं नव्हतं. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"पोरी, हे तुझ्यामाझ्यात," दवाखान्यातून परतताना सासरा म्हणाला होता. "लोकांना कळलं की झालं. गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत, आणि मी खाटेवर. मग मी दिवसभर करू काय? सांग ना!"

तिने शब्द दिला, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं. त्याच्या गोळ्या तिने ताकदीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून ठेवल्या. औषधवाल्याकडे ओळखीचं कोणी दिसलं की ती उगाच सर्दीचं मलम मागून परत यायची. घरात मलमाच्या डब्यांचा नुसता खच पडला. दवाखान्याचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे. फोन वाजला की हातातलं टाकून धाव! "काय गं, कोणी दुसरा भेटला की काय?" नवरा एकदा म्हणालाच. ती नुसती हसली.

गिरणीत म्हातारा अडखळला की ही मागून पुटपुटायची, "निळा डबा मास्तरीणबाईंचा ना, बाबा?"

दोघांना काही बोलायचं झालं तर ते चालू मशीनपाशी. त्या घरची ती जुनी रीत. गिरणीमागे राहायला एकच खोली, शेजार भिंतीला कान लावून बसलेला; त्यामुळे भांडणं, गुपितं, रडणं, सगळं मशीनच्या घरघरीत, एकमेकांच्या कानाशी ओरडून. समोर रांग उभी असली तरी कोणाला अक्षर कळायचं नाही.

त्या सकाळी रांग पार दारापर्यंत आली होती. फोन वाजला तशी सून बाहेर पळाली. दवाखान्यातली बाई घाईत होती. "तुमच्या पेशंटच्या आजाराची माहिती घरात कोणाकोणाला द्यायची, ते त्यांनी स्वतः सांगायला हवं. आत्ताच विचारा, मी थांबते."

सून फोन हातात धरून आत आली आणि सासऱ्याच्या पिठाने माखलेल्या कानाशी ओरडली, "बाबा, दवाखान्याचा फोन!"

"काय?"

"दवाखाना! विचारतायत..."

"ऐकू येत नाही गं!" म्हणत म्हाताऱ्याने हात लांब केला आणि बटण बंद केलं. दळण अर्धं असताना मशीन थांबवायचं नाही, आणि घरातलं बोलायचं असेल तर मुळीच नाही, हे त्यानेच तिला शिकवलेलं. पण तो तेही विसरला. ती त्याच्या कानात तोंड घालून उभी. घरघर उतरत गेलेली तिच्या ध्यानातच आली नाही. तिने दम घेतला आणि जीव खाऊन ओरडली,

"तुमच्या विसरण्याच्या आजाराचं कोणाकोणाला सांगितलेलं चालेल?"

"कोणालाच नाही!" म्हातारा तितक्याच जोरात ओरडला. "माझ्या पोरालासुद्धा नाही!"

"ऐकलं मी," फोनमधली बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रांगेतली सगळी डोकी त्यांच्याकडे वळली होती. सुनेला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हाताऱ्याने बटण दाबलं आणि जणू काही झालंच नाही असा तो दळत राहिला.

दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा रोज गॅरेजवाल्याबरोबर चहा घेतो, आणि गॅरेजवाला तर रांगेत होता! पण नवरा घरी आला तो "जेवायला काय?" एवढंच विचारत. दुसऱ्या दिवशी तिने शटर वर केलं. बाहेर कालचीच रांग.

"काका, माझा निळा डबा. बारीक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हा माझा, काका. जाड," गॅरेजवाल्याने डबा उचलून दाखवला.

"अरे, मला काय सांगता?" म्हातारा उखडला. "मी काय आज आलोय इथे?"

"तोंडाची सवय हो, काका."

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने सुनेला जवळ बोलावलं, हात लांब करून मशीन थांबवलं आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, "पोरी, माझ्या आजाराचं कोणाला कळलं नाही ना?"

मास्तरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. गॅरेजवाल्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"नाही, बाबा," सून म्हणाली. "कोणालाच नाही."

"गुणाची आहेस." त्याने मान डोलावली, मग मशीनकडे बघत राहिला. "हे कोणी बंद केलं?"

सुनेने तोंड उघडण्याआधी गॅरेजवाला पुढे झाला.

"माझा हात लागला, काका. चुकलो."

"दळण अर्धं असताना?" म्हातारा गरजला. "अक्कल आहे का?"

"नाही, काका," गॅरेजवाला म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.