पाठवणीची वही

ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, धर्मविभागात बसणाऱ्या बाईंना सगळे पाहाबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की पाहाबाई. नाव पडलं ते कार्डांवरून. विषयसूचीच्या कपाटातला कुठलाही खण ओढा, चार कार्डं सोडून पाचव्यावर त्यांचं बारीक, ताठ अक्षर भेटणारच: उपवास, हेही पाहा: आहार. मौन, हेही पाहा: व्रते. नवस, हेही पाहा: भीती. एका वात्रट प्राध्यापकाने एकदा 'विवाह, हेही पाहा: सहनशक्ती' असं कार्ड लिहून गुपचूप खणात सरकवलं होतं. बाईंनी ते दुसऱ्याच दिवशी पकडलं. फाडलं मात्र नाही. प्राध्यापक अजून सांगतात की त्यांनी 'सहनशक्ती, हेही पाहा: विवाह' असं उलट कार्डही करून ठेवलं.

धर्माचा अभ्यास करायला येणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची. कुणी प्रबंधासाठी येई, कुणी शेजाऱ्याशी घातलेला वाद जिंकायला, कुणी नुसतंच आतून काहीतरी तुटलं म्हणून. बाई सगळ्यांना सारख्याच वागवत. पुस्तक द्यायचं, मत द्यायचं नाही, आणि कुणाबरोबर हात जोडायचे नाहीत, हा त्यांचा नेम. विषय ऐकून घेतला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ते लोक स्वतः त्याला काय म्हणतात?" बाहेरचा माणूस एका पंथाला एक नाव ठेवतो, आतला माणूस दुसरंच वापरतो, आणि पुस्तक नेमकं कुठल्या नावाखाली दडून बसलंय हे या एका प्रश्नाने कळतं. अर्धे शोध तिथेच संपत.

त्यांच्या टेबलावर एक चौकशी-वही असे. तारीख, माणूस, काय हवं होतं, आणि शेवटच्या रकान्यात 'आहे' किंवा 'नाही'. एकतीस वर्षांत फक्त अकरा 'नाही'. इतर बायका जेवणाच्या सुट्टीत लेकासुनांचं कौतुक सांगत. बाईंचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्या त्यांच्या अकराचं सांगत. थोडी मिरवण्याची हौस होतीच, नाकारण्यात अर्थ नाही.

एका मंगळवारी सकाळी दार उघडताच एक शिंपी वर आला. पन्नाशीचा, गळ्यात मोजपट्टी तशीच. दुकानातून उठून तडक निघाला असावा.

"मॅडम, उंबरेवाल्यांची प्रार्थना पाहिजे," तो म्हणाला. "माणूस जाताना म्हणायची."

उंबरेवाले हा अगदी चिमूटभर पंथ. दाराच्या उंबऱ्याशी उभं राहून प्रार्थना करतात म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. बाईंना ठाऊक होतं, त्यांच्यावर तीन पुस्तकं आहेत आणि तिन्ही बाहेरच्यांनी लिहिलेली.

"कशासाठी हवंय?" असं त्या सहसा विचारत नसत. त्यानेच सांगितलं.

"आई अंथरुणावर आहे. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. आमच्यातलं ते म्हणणारं आता कुणी उरलं नाही. बाबा गेले तेव्हाही नव्हतं. मामा बिचारा हिंडून हिंडून दमला, या ग्रंथालयातसुद्धा येऊन गेला, पण नाही मिळालं. बाबा तसेच गेले. बारा वर्षं झाली, आई रोज म्हणते, त्यांना मी तसंच घालवलं, माझं तसं करू नकोस." त्याने मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी लहानपणीच धंद्याला लागलो, मॅडम. मला काहीच येत नाही."

"बसा, मास्तर," बाई म्हणाल्या.

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सगळी कार्डं त्यात जशीच्या तशी उतरवली होती, चुकांसकट. अंत्यविधी, मृत्यू, प्रार्थना, शोक, उंबरेवाले. हाती काही लागेना. मग त्या पुस्तकांकडे वळल्या. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी, बारीक अक्षरातल्या टिपेत, एक ओळ मिळाली: या पंथाची पदे छापलेली नाहीत, हस्तलिखिताची एक वही सार्वजनिक ग्रंथालयाला भेट दिल्याचे समजते. ग्रंथालय कुठलं, ते त्या लेखकाने लिहिलं नव्हतं. असल्या अर्धवट टिपा लिहिणाऱ्यांना बाई मनातल्या मनात जे बोलत ते धर्मविभागात बोलण्यासारखं नसे.

"मास्तर, आई स्वतः त्याला काय म्हणते?"

"'ते' म्हणते. 'माझं ते करा' म्हणते. आमच्याकडे त्याचं नाव सहसा घेत नाहीत."

"विचारून या. नाव घ्यायला लावा. त्याशिवाय माझं गाडं पुढे सरकायचं नाही."

तो गेला. बाई दिवसभर भेट-पुस्तकांच्या यादीतून बोट फिरवत बसल्या. दुसऱ्या दिवशी तो दहाच्या ठोक्याला हजर.

"दोनदा विचारलं तेव्हा बोलली. पाठवणी."

बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. काही शब्द माणूस आयुष्यात एकदाच लिहितो आणि लिहिल्याचं विसरून जातो. हा त्यांनी लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. भेट आलेल्या गठ्ठ्यात एक वही होती, वर शाईने 'पाठवणीची पदे'. त्यांचं वय पंचवीस. स्वतःचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. घरात पाठवणीच्या नुसत्या उल्लेखाने आई डोळ्यांना पदर लावत होती, आणि वडील तर त्या विषयावर बोलायलाच तयार नव्हते. पाठवणी म्हणजे दुसरं काय असणार? गठ्ठा संपवून लवकर निघायचं होतं. त्यांनी कार्ड लिहिलं, विवाह-गीते, आणि वही लोकगीतांच्या विभागात धाडून दिली. आतलं एकही पान उलटलं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

लोकगीतांचा विभाग कधीच बंद झाला होता, पुस्तकं तळघरात गेली होती. तळघराची किल्ली एका जुन्या शिपायाकडे असे. त्याला सगळे 'उद्या' म्हणत, कारण काहीही मागितलं तरी तो तेवढंच उत्तर देई. बाईंनी किल्ली मागितली. त्याने सवयीने तोंड उघडलं, बाईंचा चेहरा पाहिला, आणि काही न बोलता जुडगा घेऊन पुढे चालू लागला.

वही सापडायला पाऊण तास लागला. दोन गीतसंग्रहांच्या मध्ये चेपून बसली होती. पाठीवरच्या चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर होतं, तरुणपणीचं, किंचित उजवीकडे झुकलेलं. दिव्याखाली उभं राहून त्यांनी पहिलं पान उलटलं. वरच लिहिलं होतं: हे शब्द माणूस जाण्याआधी, त्याला ऐकू येईल असे म्हणावेत. घरच्याने म्हणू नयेत. घरच्याच्या तोंडून 'जा' निघत नाही.

बाई वर आल्या. मास्तरला वही देण्याआधी त्यांनी चौकशी-वह्यांच्या गठ्ठ्यातून बारा वर्षांपूर्वीची काढली. सापडायला वेळ लागला नाही. 'नाही'च्या नोंदी अकराच तर होत्या. 'वृद्ध गृहस्थ. उंबरेवाले, अंत्यप्रार्थना. नाही.' आणि मग सगळं आठवलं. त्या दिवशी वरिष्ठ तपासणीला यायचे होते, टेबलावर कागदांचा ढीग होता, म्हातारा जिन्यावरून धापा टाकत आलेला. त्यांनी खण पाहिला, मान हलवली. त्याला तो नेहमीचा पहिला प्रश्न विचारलाच नव्हता. विचारला असता तर कदाचित त्याने तो शब्द उच्चारला असता. 'येतो' म्हणून तो जिना उतरला, आणि त्यांनी हसून 'या' म्हटलं.

जगाला उठताबसता 'पाहा' सांगणाऱ्या बाईंनी स्वतः दोनदा पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. अशी लाज की उठून खिडकीपाशी जावं लागलं.

सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. मास्तर वही घेऊन, पाया पडून निघून गेला असता. बाई त्याच्यासमोर बसल्या आणि वहीवरची चिठ्ठी त्याच्याकडे वळवली.

"हे अक्षर माझं आहे. एकतीस वर्षांपूर्वी मी ही वही लग्नाच्या गाण्यांत टाकली. न वाचता. तुमचे मामा आले तेव्हाही ती इथेच होती, खाली, आणि मी त्यांना नाही म्हणाले. तुमचे वडील तसेच गेले ते माझ्यामुळे."

मास्तरने चिठ्ठी वाचली. मोजपट्टी आज गळ्यात नव्हती. हाताला काही चाळा नसल्याने त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"आईने बारा वर्षं स्वतःला दोष दिला, मॅडम," तो म्हणाला.

"हो."

"रोज."

बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली.

मग त्याने वही ओढून पहिलं पान वाचलं. दोनदा वाचलं. मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता. "घरच्याने म्हणू नये, लिहिलंय. माझं सगळं बिऱ्हाड घरचंच. मग तुम्हीच चला."

हस्तलिखित ग्रंथालयाबाहेर नेता येत नाही. बाईंनी कोरे कागद घेतले आणि दुपारपर्यंत बसून पाठवणीची चार पानं उतरवून काढली, अक्षर न् अक्षर पडताळत. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एकतीस वर्षांत अशी त्यांनी आठ-नऊदाच टाकली असेल.

दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं. पुढे शिवणयंत्र, खुंट्यांना टांगलेले अर्धे शिवलेले सदरे, खाली कापडाच्या चिंध्या. मागे एक खोली. खोलीत खाटेवर म्हातारी. इतकी लहान झालेली की चादरीखाली आहे की नाही कळू नये. सून पायाशी बसली होती. बाईंना पाहून तिने पुढे जायला जागा केली.

"आई, ग्रंथालयातल्या बाई आल्यात," मास्तर तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "पाठवणी मिळाली."

म्हातारीने डोळे उघडले नाहीत. "मिळाली?"

"मिळाली."

"त्यांच्या वेळी नव्हती."

मास्तरने बाईंकडे पाहिलं. खरं सांगायचं की नाही, हे त्याने त्यांच्यावर सोडलं होतं.

"होती, आजी," बाई म्हणाल्या. "माझ्या चुकीने दडून राहिली. तुमचा त्यात काही दोष नव्हता."

म्हातारीच्या कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि सुनेने तोंडाशी हात नेला.

मास्तरने बाहेरचं दार सताड उघडलं. तो आणि सून पुढे दुकानात जाऊन उभे राहिले. बाई खोलीच्या उंबऱ्याशी कागद उघडून उभ्या राहिल्या. त्या वाचू लागल्या, सवयीने भरभर, यादी वाचावी तशा.

"सावकाश," खाटेवरून आवाज आला. "कसली घाई आहे, बाई?"

बाई थांबल्या. पहिल्यापासून सुरुवात केली.

"दार उघडं आहे. उंबऱ्यावर कुणी बसलेलं नाही. दिवा घरात आहे, उजेड वाटेवर आहे. हाक मारणारे मागे राहिले, मागे पाहू नकोस. हात धरणारे मागे राहिले, मागे पाहू नकोस."

आणि शेवटी एकच शब्द. आपण कुणाला तो म्हणत नाही. बाजाराला निघालेल्यालासुद्धा 'ये' म्हणतो, 'जाऊन ये' म्हणतो, निघणारा 'येतो' म्हणतो. बाईंना एकदम त्यांचे वडील आठवले. त्यांच्या पाठवणीच्या वेळी वडील घरातून बाहेरच आले नव्हते. आतल्या खोलीत पाठ करून उभे राहिले होते. त्या रागाचा काटा बाईंनी इतकी वर्षं जपला होता. वडिलांच्या तोंडून निघत नव्हता तो शब्द, एवढंच होतं ते. आज, या परक्या उंबऱ्यावर, ते त्यांना समजलं आणि रडू आवरेना. पण त्या घरच्या नव्हत्या. त्यांचं तेवढंच काम होतं.

"जा," त्या म्हणाल्या.

म्हातारीने मान हलवली, बरं म्हणतात तशी.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. चौथ्या दिवशी मास्तर तिसरा मजला चढून आला. त्याने वहीच्या मापाचं कापडी वेष्टण शिवून आणलं होतं, दुहेरी शिलाईचं, बंद लावलेलं. वहीचं माप कधी घेतलं कुणास ठाऊक. नजरेनेच घेतलं असणार. बाईंनी वही त्यात घातली. तसूभरही सैल नव्हती.

"येतो, मॅडम."

"या, मास्तर."

तो जिना उतरल्याचं ऐकू येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी नवं कार्ड लिहिलं: मृत्यू, हेही पाहा: पाठवणी. ते खणात लावलं. आणि बारा वर्षांपूर्वीची चौकशी-वही उघडून त्या म्हाताऱ्याच्या ओळीवर आल्या. शेवटच्या रकान्यातला 'नाही' त्यांनी पट्टी धरून खोडला आणि पुढे लिहिलं: होतं. पाहिलं नाही.